मदत हवी: वेल्डिंगनंतर बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) पॅनेलला किती बाक आला, कसं मोजू?

गिरणाकाठ: डेक पॅनेल, 6 मी. × 2.4 मी. दोरी ताणली तर मधे सकाळी 9 मिमी खोल, दुपारी 6. खरा आकडा कोणता? परवा इन्स्पेक्शन आहे, लवकर सांगा.

भुसावळी: पैले जाडी तर सांग ना भो! स्टिफनर (पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) किती अंतरावर? ठेवलंय कशावर?

गिरणाकाठ: 6 मिमी पत्रा. खाली 100 × 8 पट्ट्या, दर 600 मिमीवर, लांबीत. चार घोड्यांवर (उंच टेकूंवर), शेडबाहेर. दोरी नायलॉनची.

लोहार_दादा: गॅसने लाल ठिपके मार, वर पाणी. सरळ होतं.

तापीतीर: दादा, त्याने मोजायचं विचारलंय! आधीच तापवलं तर मूळ बाक कळणारच नाही.
गिरणाकाठ, दुपारचा आकडा सोडून द्या. वरचा पत्रा उन्हात, पट्ट्या सावलीत. वरखाली 10 अंशांचा फरक पडला तरी एवढ्या लांबीत मधला भाग 5 मिमीपर्यंत उचलला जातो, खोली कमी दिसते. सूर्य उगवायच्या आधी मोजा. नायलॉन फेका, 0.5 मिमी पियानो वायर लावा. 5 किलो वजनाला 6 मीटरमधे तिलाच 1.4 मिमी झोळ पडतो, 20 किलोला 0.35. तो खोलीत मिळवायचा.

मोजपट्टी: एवढं कशाला? पॅनेल लांब कडेवर उभं करा. वायरचा झोळ पत्र्याला समांतर जातो, घोड्यांमधला स्ववजनाचा बाकही निघतो.

भुसावळी: आठशे किलोचं धूड उभं, अन् वावटळ आली तर? क्रेनचा हूक लावूनच ठेवजो.

केळीवाला_रावेर: ट्रॉलीचा फाळका वेल्डिंगनंतर बसत नाही, त्यालाही हेच का?

तापीतीर: वेगळा धागा काढा भाऊ.
आणि हा लांबीचा बाक झाला. इन्स्पेक्टर दोन पट्ट्यांमधला खड्डाही बघेल. त्याला सरळ पट्टी आडवी, दोन्ही टोकं बरोबर स्टिफनरवर, मधे टेपर गेज (फट मोजायची निमुळती पट्टी). आयएसीएसच्या (जहाज वर्गीकरण संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना) शिफारस 47 मधे स्ट्रेंग्थ डेकच्या (मुख्य भार घेणारा डेक) समांतर, म्हणजे मधल्या एकसारख्या रुंदीच्या भागाला 4 मिमी स्टँडर्ड, 8 मर्यादा. फिलेट (पट्टी-पत्र्याच्या कोपऱ्यातला वेल्ड) किती मिमीची मारली?

गिरणाकाठ: ड्रॉइंगला 4 होती. मजबुतीसाठी 6 मारली.

मोजपट्टी: म्हणजे सव्वादोनपट धातू ओतला, तेवढी उष्णता जास्त! टॅकनंतर (पट्ट्या जागेवर धरणारे छोटे वेल्ड), पूर्ण वेल्डिंगआधी रीडिंग घेतलं होतं?

गिरणाकाठ: नाही.

मोजपट्टी: मग यातला किती बाक वेल्डिंगचा, किती पत्र्यातच होता, हे आता सांगता येणार नाही. पुढच्या पॅनेलला आधी दर 500 मिमीवर पंचमार्क (ठोकून खूण) मार, वेल्डिंगआधी-नंतर तिथेच रीडिंग घे.