घोडबंदरला बसून अमेरिकेचं काम, खात्यात मात्र दर महिन्याला कमी पैसे

प्रश्न / पातलीपाडा

ठाण्यात घरूनच एका अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम. करार 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर'चा, महिना ४,००० डॉलर, स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) थेट बचत खात्यात. हिशेबापुरता डॉलर ८५ धरला तर ३,४०,००० यायला हवेत, जमा होतात ३,३३,९०० च्या आसपास. शाखेत विचारलं तर 'हेड ऑफिसला विचारा'. बँकेच्या अॅडव्हाइसवर, म्हणजे पैसे आल्याच्या कागदावर, पर्पज कोड (पैसे कशासाठी आले त्याचा कोड) पी१३०१ दिसतो. हे ६,१०० नक्की कुठे गळतात? आणि पैसे परदेशातून येतात म्हणजे जीएसटीची भानगड नाही, हे खरं का? घर भाड्याचं आहे.

उत्तर / सीवूड्स

गळती तीन ठिकाणी असते, आणि सगळ्यात मोठी गळती अॅडव्हाइसवर 'चार्जेस' म्हणून दिसतच नाही.

पहिली, मधली बँक. डॉलर न्यूयॉर्कच्या करस्पॉन्डंट, म्हणजे दोन बँकांमधल्या मध्यस्थ, बँकेतून येतात आणि ती आपला वाटा कापून पुढे पाठवते. २५ डॉलर (२,१२५ रुपये) कापले तर हातात ३,९७५. दुसरी, दर. बँक 'कार्ड रेट', म्हणजे तिचा रोजचा जाहीर दर, लावते. ८५ च्या जागी ८४.१० लावला की ३,९७५ गुणिले ९० पैसे, म्हणजे साधारण ३,५७८ रुपये तिथेच गेले. तिसरी, चलन बदलण्यावरचा जीएसटी. १ लाख ते १० लाखांच्या व्यवहारात करपात्र मूल्य १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि त्यावर १८ टक्के. तुमच्या रकमेवर सुमारे ३९१ रुपये होतात. २,१२५ अधिक ३,५७८ अधिक ३९१: जुळला हिशेब.

चलनबदलावरचा जीएसटी बँक लावणारच. दराबद्दल मात्र काही करता येतं. शाखेतल्या काउंटरवर वेळ घालवू नका. रिलेशनशिप मॅनेजरला लेखी मेल टाका: 'इनवर्ड रेमिटन्स आल्यावर मला विचारल्याशिवाय रुपयांत बदलू नये, ट्रेझरीकडून डील रेट मिळावा' (डील रेट म्हणजे त्या व्यवहारापुरता ठरवून घेतलेला दर). ४,००० डॉलरवर ५० पैसे सुधारले तरी महिन्याला २,००० रुपये वाचतात. कापणीसाठी क्लायंटला सांगा की पैसे पाठवताना खर्चाच्या पर्यायात 'ओयूआर' टाका, म्हणजे पाठवणीचा खर्च त्यांच्याकडे जातो. 'एसएचए' (खर्च वाटून) असेल तर मधला खर्च तुमच्या रकमेतून. पेमेंटच्या तपशिलाच्या रकान्यात इनव्हॉइस नंबर आणि 'सॉफ्टवेअर सर्व्हिसेस' लिहायला लावा. नुसतं 'पेमेंट' लिहिलं की पर्पज कोडचा घोळ सुरू होतो.

उत्तर / तीन_पेट्रोल_पंप

वरचा हिशेब बरोबर, पण मला ६,१०० पेक्षा पी१३०१ ची काळजी जास्त वाटते. तो कोड परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेल्या पैशांचा. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा कोड पी०८०२. पी१३०१ च्या कागदावर ती रक्कम निर्यातीची म्हणून दाखवता येणार नाही. करार, इनव्हॉइस आणि स्विफ्टचा रेफरन्स नंबर जोडून बँकेकडे लेखी दुरुस्ती मागा, आणि कोड सुधारलेली एफआयआरए, म्हणजे फॉरेन इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस, प्रत्येक महिन्याची वेगळी घ्या. वर्ष उलटल्यावर जुन्या सगळ्या एकदम मागितल्या की बँक वैतागते आणि तुम्हीही.

जीएसटीबद्दल ऐकलंय ते अर्धं खरं. निर्यातीवर कर शून्य असतो, नोंदणी माफ नसते. उलाढाल मोजताना निर्यात धरतात, आणि महाराष्ट्रात सेवांसाठी मर्यादा २० लाख. तुमची वर्षाची ४०.८ लाख होते, म्हणजे नोंदणी हवीच. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज. त्यानंतर आरएफडी-११ हा फॉर्म भरून एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, घ्या. हा एलयूटी ३१ मार्चला संपतो आणि दर आर्थिक वर्षी नव्याने भरावा लागतो. लोक नेमकं हेच विसरतात. इनव्हॉइसवर एसएसी (सेवेचा कोड) ९९८३१४, आणि 'एलयूटीखाली, एकात्मिक कर न भरता निर्यात' हा शेरा इंग्रजीत. इनव्हॉइसपासून नियमातल्या मुदतीत डॉलर आले नाहीत तर कर आणि व्याज दोन्ही मागे लागतात.

भाड्याच्या घराचा पत्ता चालतो. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाच्या नावचं महावितरणचं बिल. करार अकरा महिन्यांचा असेल तर मुदत आधी तपासा. संपलेला करार अपलोड केलात की शंका काढणारी नोटीस येते. सोसायटीची एनओसी त्या यादीत नाही, ती मिळवायला सेक्रेटरीच्या मागे धावू नका.

आणि व्यवसाय कर: पीटीईसी (स्वतःच्या व्यवसायासाठीची नोंदणी), वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. रक्कम किरकोळ म्हणून राहून जाते.

पातलीपाडा

आयकराला ४४एडीए (जमा रकमेचा ठरावीक भाग उत्पन्न धरण्याचं कलम) चालेल ना? आणि दोन महिने लिस्बनला राहून तिथूनच काम केलं तर?

तीन_पेट्रोल_पंप

आयटी हा अधिसूचित व्यवसाय आहे, त्यामुळे चालेल. जमा रकमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न दाखवायचं, मर्यादा ७५ लाख, रोखीने आलेलं ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत, सीएशी बोलताना जुना आकडा सांगितला तरी कळतो.) एक मेख: कंपनीने शेअर दिले असतील किंवा परदेशातल्या खात्यात शिल्लक असेल तर सुगम, म्हणजे आयटीआर-४, चालत नाही. आयटीआर-३ भरून शेड्युल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, सगळं दाखवा.

सीवूड्स

लिस्बनचं: दोन महिन्यांनी भारतातलं निवासी स्थान बदलत नाही, कर इथेच. पण पर्यटक व्हिसावर काम करायची मुभा नसते, त्यामुळे पोर्तुगालच्या रिमोट कामाच्या व्हिसाचे नियम आधी वाचा. क्लायंटला दिलेल्या डब्ल्यू-८बीईएनवर (तुम्ही अमेरिकेबाहेरचे आहात हे सांगणारा अमेरिकी कर-फॉर्म) तुमचं काम अमेरिकेबाहेर होतं हे गृहीत आहे. लिस्बनला ते खरंच राहतं, न्यूयॉर्कला जाऊन लॅपटॉप उघडलात तर नाही. आणि ठाण्याच्या नंबरवर येणारे बँकेचे ओटीपी तिथे मिळावेत म्हणून रोमिंग निघण्याआधी इथेच चालू करून बघा.