मदत हवी आहे: आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर ठेवू की पिस्तूल घेऊ? (प्रश्न नेमाचा आहे)

मोंढेकरी, परभणी जिल्हा

नमस्कार मंडळी. आमची मोंढ्यात आडत आहे. वडिलांच्या नावावर .३२ चं रिव्हॉल्व्हर होतं, ऑर्डनन्स फॅक्टरीचं, ३ इंची नळीचं. ते गेल्यावर वारस म्हणून परवाना रीतसर माझ्या नावावर झाला. बीडमध्ये परवान्यांची छाननी झाली तेव्हापासून "कशाला हवं ते" हा विषय घरात रोजच चालू आहे, इथं तरी नको, ही विनंती.

अडचण अशी की रेंजवर १० मीटरवरून मारलं तर माझ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरतात, त्यातही बऱ्याच खाली डावीकडं. मी उजव्या हाताचा. शेजारी एकजण .३२ च्या पिस्तुलानं मारत होता, त्याच्या वाटीत मावाव्यात अशा. तो म्हणाला, आखूड रिव्हॉल्व्हरनं नेम बसतच नसतो. दुकानदारही पिस्तूलच घ्या म्हणतो, पण त्याला विकायचंच आहे.

यूट्यूबवर बघावं तर सगळे ९ एमएम पिस्तुलाशी तुलना करतात. ते बोअर (नळीच्या भोकाचं माप) आपल्याकडं सामान्य परवान्यावर मिळत नाही, मग त्या तुलनेचं मी काय करू?

नळी आखूड म्हणून गोळी भरकटते का? रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळी सिलिंडरच्या वेगळ्या घरातून येते, त्यानं फरक पडतो का? २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' रिव्हॉल्व्हर बघितलं, पण त्याचीही नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा ३ इंचच. पिस्तुलावर पैसे घालून नेम खरंच सुधारतो का, एवढं कुणी अनुभवी माणसानं सांगा.

औंढेकर

पिस्तूल घ्या दाजी. गोळ्या जास्त बसतात, विषय संपला.

मोंढेकरी

भाऊ, किती बसतात ते विचारलंच नाही. कुठं बसतात ते विचारलंय.

निवृत्त हवालदार, नांदेड

नळीला दोष देऊ नका. नळी आखूड झाली की गोळीचा वेग थोडा कमी होतो. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गॅस निसटतो, त्यानंही थोडा जातो. पण १० मीटरवर त्यानं नेम बिघडत नाही. बिघडतो तो शिस्त, म्हणजे निशाणा, धरण्यात. मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) यांतलं अंतर आखूड हत्यारात कमी असतं. तुमचं मोजून बघा. समजा ११ सेंटिमीटर निघालं, तर माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली की १० मीटरवर गोळी ९ सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर साडेसहा-पावणेसात. हात तोच, चूक तेवढीच, कागदावर मात्र मोठी दिसते.

दुसरी आणि मोठी गोष्ट चापाची. घोडा (मागची हातोडी) न चढवता नुसता चाप ओढून मारत असाल तर रिव्हॉल्व्हरला चार-पाच किलोचा जोर लागतो, आणि हत्याराचं वजन जेमतेम पाऊण किलो. त्या ओढीत नळी खाली डावीकडं झुकणारच. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या तिकडंच जातात, तुमच्याही तिकडंच चालल्यात. अंगठ्यानं घोडा चढवून सावकाश मारून बघा, चाप एकदम हलका लागेल. शेजाऱ्याच्या पिस्तुलासारख्या बहुतेक पिस्तुलांत पहिल्या गोळीनंतर वरची सरकती स्लाइडच घोडा चढवून देते, म्हणून त्याचं पुढचं सगळं हलक्या चापावर. त्याची वाटी नि तुमचं ताट, यातला बराच फरक इथं आहे.

सिलिंडरचं म्हणाल तर शंका रास्त आहे, जुन्या हत्यारात तर जास्तच. घरांना १ ते ६ नंबर द्या आणि प्रत्येक घराची गोळी वेगळ्या टार्गेटवर मारा. हात वाळूच्या पिशवीवर टेकवा, घोडा चढवूनच मारा. एकच घर दरवेळी बाहेर फेकत असेल तर ते घर नळीच्या सरळ रेषेत थांबत नाही. ते परवानाधारक गनस्मिथकडं न्या, घरी कानस लावू नका. सगळी घरं एकत्र पण मध्यापासून बाजूला पडत असतील तर माशीचा प्रश्न. आणि टेकवून चांगलं जमतंय, नुसत्या हातानं पसरतंय, तर हत्यार ठीक आहे.

'प्रबल'ची जाहिरात ५० मीटरच्या पल्ल्याची होती. पल्ला म्हणजे नेम नव्हे.

रेंजवाली, लातूर

मी स्पोर्ट्स पिस्तूल मारते, म्हणून एवढंच. आमच्या २५ मीटरच्या पिस्तुलांना नियमानं नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, माशी-खाचेतलं अंतर २२० पर्यंत, चाप किमान १००० ग्रॅमचा. हवालदार काकांचा हिशेब त्याला लावला तर तीच १ मिलिमीटरची चूक १० मीटरवर साडेचार सेंटिमीटर होते. सेंटर फायर या स्पर्धेच्या प्रकारात तर कित्येकजण .३२ स्मिथ अँड वेसन लाँगच मारतात, म्हणजे रिव्हॉल्व्हरचंच काडतूस, फक्त सपाट तोंडाच्या गोळीचं. काडतुसाला नावं ठेवू नका.

मात्र पिस्तुलाचं .३२ वेगळं, रिव्हॉल्व्हरचं वेगळं. दोन्हीच्या बुडावर खडकी कारखान्याचा केएफ शिक्का दिसेल, तरी एकमेकांत घालायची नाहीत.

आणि मूठ बघा. त्या रिव्हॉल्व्हरची मूठ छोटी, करंगळी खाली लोंबकळते. त्यानंही पकड सुटते.

मोंढेकरी

काका, ताई, लई उपकार. मी सगळं नुसता चाप ओढूनच मारत होतो, कारण शिकवणाऱ्यानं "वेळेवर घोडा चढवायला सवड नसते" असं सांगितलं होतं. त्याचंही बरोबरच असेल, पण मग नेम कसा शिकायचा? आणि रेंज लांब पडते, शेतातल्या आखाड्यावर सराव केला तर चालतो का?

निवृत्त हवालदार, नांदेड

आखाड्यावर अजिबात नाही. स्वसंरक्षणाचा परवाना शेतात टार्गेट मारायला नसतो, मंजूर रेंजवरच जा. वरातीत बार काढणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आलंय, तरी आपल्याकडं हौस काही जात नाही.

आधी घोडा चढवून ग्रुप (गोळ्या एका जागी) जमवा, मग तोच ग्रुप नुसत्या चापावर धरायला शिका. ओढ एकसारखी हवी, शेवटी झटका नको. घरी रिकाम्या हत्यारानं करा, सिलिंडरच्या घरांत स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसं) घालून. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, समोर भक्कम भिंत, आसपास लेकरं नकोत. चाप सुटताना माशी हलली नाही पाहिजे. हे जमल्यावरही पिस्तूलच हवं वाटलं तर घ्या, तेव्हा ते तुम्हाला सोपं जाईल. आता घेतलंत तर पहिली गोळी तिथंही डावीकडंच जाईल.

मोंढेकरी

ठरलं, पिस्तुलाचं सध्या बाजूला. पुढच्या खेपेला घरांना नंबर टाकून मारतो आणि टार्गेटचे फोटो इथं टाकतो. ताई, मोठी मूठ संभाजीनगरात मिळते का, का सुताराकडून शिसवीची करून घेऊ?

रेंजवाली, लातूर

शिसवीची चालेल. फक्त त्याला हत्यार देऊ नका, मुठीच्या फळ्या स्क्रू काढून तेवढ्याच न्या.