नळाचा फिल्टर: खोक्यावरचे ४२, ५३, ३७२ कसे वाचायचे?

कोरडा_घसा:
नळाच्या तोंडाला बसवायचे दोन फिल्टर बघून ठेवलेत. एकावर 'एनएसएफ/एएनएसआय ४२ व ३७२ प्रमाणित' असं आहे. दुसऱ्यावर 'एनएसएफ ५३ मानकानुसार चाचणी, शिसे ९९% कमी'. पाण्याला क्लोरीनचा वास येतो आणि पाइप जुने असल्याने शिशाची धास्ती आहे. दुसराच घ्यावा ना?

पाणसाप:
थांबा, हे आकडे म्हणजे इयत्ता नव्हेत. एनएसएफ आणि एएनएसआय या अमेरिकी संस्थांच्या वेगवेगळ्या मानकांचे ते क्रमांक आहेत.

४२ फक्त चव, वास, क्लोरीन आणि गाळ यांच्यापुरतं. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यातलं निदान निम्मं क्लोरीन गेलं की पास. ३७२ वाचून तर हमखास फसगत होते. फिल्टरच्या पाण्याला लागणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांहून जास्त शिसं नाही, एवढंच ते सांगतं. पाण्यातलं शिसं काढण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे पहिला फिल्टर वास घालवेल, शिशाबद्दल त्याचा काहीच दावा नाही.

आरोग्याशी संबंधित दूषितांसाठी ५३. पण तेही दाव्यागणिक मिळतं. नुसत्या सिस्टसाठी (जिआर्डियासारख्या सूक्ष्मजीवांची कवचबंद अवस्था) ५३ मिळालेला फिल्टर शिशासाठी तपासलेलाच नसू शकतो. '५३' च्या पुढे 'शिसे' हा शब्द हवाच.

आणि 'मानकानुसार चाचणी' म्हणजे 'प्रमाणित' नव्हे. प्रमाणित म्हणजे एनएसएफ, डब्ल्यूक्यूए, आयएपीएमओ, यूएल अशा त्रयस्थ संस्थेने माल तपासला, कारखाना बघितला आणि पुढेही तपासत राहते. चाचणी काय, कंपनीने एकदा एक नमुना पाठवून करून घेतली तरी खोक्यावर छापता येते. तुमचा दुसरा फिल्टर या गटातला दिसतो.

गाळणीवाला:
त्या ९९ टक्क्यांबद्दल थोडं. ५३ मध्ये शिशाची चाचणी लिटरला १५० मायक्रोग्रॅम शिसं घातलेल्या पाण्यावर होते आणि बाहेर ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त येऊन चालत नाही. तीही दोनदा, सामू (पीएच) ६.५ आणि ८.५ ठेवून. ६.५ ला शिसं विरघळलेलं असतं, ८.५ ला त्यातलं बरंचसं बारीक कणांच्या रूपात असतं आणि फिल्टरमधला कार्बन (गाळणारा कोळसा) ढिसाळ असेल तर त्यातून हे कण सटकतात. शिवाय कार्ट्रिज (आतला बदलायचा गाळणीचा भाग) संपल्याचं दाखवणारा दिवा नसेल तर छापील क्षमतेच्या दुप्पट पाणी जाईपर्यंत चाचणी चालते, दिवा असेल तर १२० टक्क्यांपर्यंत. कोऱ्या कार्ट्रिजच्या पहिल्या दोन-चार लिटरवर ९९% कुणीही दाखवेल.

संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत मॉडेल क्रमांक टाकून बघा. कार्ट्रिजचा क्रमांकही जुळला पाहिजे. 'सगळ्यांना बसणारं' स्वस्त कार्ट्रिज लावलं की प्रमाणपत्र गेलं.

कोरडा_घसा:
टीडीएस मीटरने घरीच ताडून बघता येईल का?

गाळणीवाला:
नाही. ते मीटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार १ पीपीएमच्या (लिटरला १ मिलिग्रॅम) पायरीने मोजतं. लिटरला १५ मायक्रोग्रॅम शिसं म्हणजे ०.०१५ पीपीएम, त्याला ते दिसणारच नाही. त्यात कार्बन क्षार काढत नाही, त्यामुळे उत्तम फिल्टरनंतरही आकडा जवळपास तोच राहतो. शिशासाठी प्रयोगशाळाच. रात्रभर नळ बंद ठेवून सकाळचं पहिलं पाणी नमुन्याला द्या.

वायसर_बदला:
घेण्याआधी नळाची जाळी काढून आटे बघा, आतून आहेत की बाहेरून. ओढून बाहेर येणाऱ्या शॉवरच्या नळावर हे फिल्टर बहुधा बसत नाहीत. हाताने आवळा, पाणी वायसर अडवतो. पकडीने पिळलं की प्लॅस्टिकचा आटा जातो आणि मग कितीही टेफ्लॉन गुंडाळा, गळतच राहतं.

गरम पाणी फिल्टरमधून सोडू नका. बहुतेकांची मर्यादा ३८ अंश सेल्सिअस असते. त्यापुढे कार्बनने धरलेलं काही पुन्हा पाण्यात सुटू शकतं.

क्षमता ३७८ लिटर असेल आणि पिण्या-स्वयंपाकाला रोज १० लिटर लागत असेल, तर कार्ट्रिज ३७ दिवसांत संपलं. खोक्यावरचे 'तीन महिने' रोज चार लिटरच्या हिशेबाने आहेत. प्रवाह मंदावायची वाट बघू नका. तो गाळाने मंदावतो, शिसं धरायची ताकद त्याच्या आधीच संपलेली असू शकते.

आणखी एक. ४२ किंवा ५३ वाला साधा कार्बन जंतू मारत नाही, उलट क्लोरीन काढून टाकल्यामुळे आत साचलेल्या पाण्यात ते वाढतात. सकाळचं पहिलं पाणी थोडं वाहू द्या. मूळ पाणीच जंतूंच्या दृष्टीने भरवशाचं नसेल तर हा प्रकारच घेऊ नका.