मदत हवी आहे: एनटीपीची बनावट उत्तरं आमच्याच नेटवर्कमधून येतायत, घड्याळ कसं वाचवू?

नमस्कार. एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. मुख्य कचेरी आणि शाखा, सगळीकडे लिनक्स, वेळेसाठी क्रोनी (एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारून, घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम). सोर्स, म्हणजे वेळ सांगणारे सर्व्हर, म्हणून समय१ आणि समय२ हे एनआयसीचे (सरकारी माहिती केंद्राचे) दोन, शिवाय एनटीपीच्या सार्वजनिक पूलमधले दोन. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की वेळ एनआयसी किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्याशी जुळवावी, त्यामुळे एनआयसीचे दोन काढायला ऑडिटर तयार होणार नाहीत.

मागच्या आठवड्यात एका शाखेत लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. सर्व्हर परत उठला आणि ओटीपी टाकून कुणाचंच लॉगिन होईना. ॲपमधला ओटीपी दर ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून आधी घड्याळच पाहिलं. ४० मिनिटं मागे! क्रोनीच्या लॉगमध्ये -२४१२ सेकंदांची उडी. चारही सोर्स एकमेकांशी जुळतायत, एकावरही चुकीचा असल्याची फुली नाही.

मग नेटवर्कवरची पॅकेट बघायला टीसीपीडम्प लावला. उत्तरं समय१ च्याच आयपीवरून येतायत, पण टीटीएल, म्हणजे पॅकेटवरचा टप्प्यांचा आकडा, सुरुवातीचाच ६४. बाहेरून येणाऱ्या पॅकेटचा टीटीएल वाटेतला प्रत्येक राउटर एकाने कमी करतो. बाकीच्या शाखांत तो ५२-५३ दिसतो. म्हणजे हे पॅकेट एकही राउटर ओलांडून आलेलं नाही. मॅक ॲड्रेसही (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) गेटवेचा, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा, नाही. कुणीतरी आत बसून एआरपी स्पूफिंग करतंय, म्हणजे आपलंच मशीन गेटवे असल्याचं भासवतंय.

सोर्स चाराचे आठ केले तर फायदा होईल का? एनटीएस (सही असलेला एनटीपी) लावलं तर ऑडिटच्या अटीचं काय? आणि डीव्हीआर, हजेरीचं मशीन यांना साधा एनटीपीच कळतो, त्यांना कुठे बांधू?

कोकणकडा: घड्याळ नंतर. आधी स्विचच्या टेबलात तो मॅक कुठल्या पोर्टवर आहे बघा आणि ती केबल उपटा. डीएचसीपी स्नूपिंग आणि एआरपी इन्स्पेक्शन (असली तोतयेगिरी अडवणाऱ्या सोयी) स्विचमध्ये असेल तर आजच चालू करा. पॅकेट कॅप्चर जपून ठेवा, लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. आणि सर्ट-इनला ६ तासांत कळवायचं असतं, ते झालंय ना?

अर्धा_सेकंद: सोर्स वाढवून काही होणार नाही. चार सोर्स ठेवतात ते एखादा चुकला तर बाकीच्यांनी त्याला बाजूला काढावं म्हणून. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन नौदल वेधशाळेचे सर्व्हर थेट २००० साल सांगायला लागले होते, तेव्हा ज्यांच्याकडे इतर सोर्स होते ते वाचले. तुमच्याकडे वाटच एक आहे आणि वाटेवरच माणूस बसलाय. आठ लावाल तर तो आठांच्या नावाने बोलेल.

उडी का बसली तेही सांगतो. बहुतेक डिस्ट्रोंत 'मेकस्टेप १.० ३' असतं. सुरू झाल्यावर पहिल्या तीन अपडेटमध्ये फरक सेकंदापेक्षा जास्त दिसला की घड्याळ एकदम सरकवायची मुभा. एरवी क्रोनी हळूहळू सरकवते. म्हणून लाइट जाण्याची वेळ हल्लेखोराला सोन्यासारखी.

उपाय एनटीएस, आरएफसी ८९१५, २०२० चा. आधी टीसीपी ४४६० वर टीएलएसने किल्ल्या ठरतात, मग प्रत्येक एनटीपी पॅकेटवर सही. क्रोनी ४.० पासून आहे. मुख्य कचेरीत एनआयसीचे दोन तसेच राहू द्या, जोडीला एनटीएसवाले तीन घ्या: क्लाउडफ्लेअर, स्वीडनचं नेटनॉड, जर्मनीचं पीटीबी. 'ऑथसिलेक्टमोड'ला हात लावू नका, मुळातलं 'मिक्स' असू दे. त्यात सही असलेले सोर्स विश्वासाचे धरले जातात, बिनसहीचे त्यांच्याशी जुळले तरच चालतात. शाखांना मुख्य कचेरीचा सर्व्हर द्या, तोही एनटीएसनेच. आदेशात एनआयसी किंवा एनपीएलशी जोडलेला सर्व्हरही चालतो, तेव्हा ऑडिटरचं तोंड बंद.

मात्र एनटीएस पॅकेट उशिरा पोचण्यावर काही करू शकत नाही. सही खरी, वेळ खरी, फक्त एका बाजूचं पॅकेट अडवून ठेवलं की फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. क्रोनीचा 'मॅक्सडिले' मुळात ३ सेकंद असतो, म्हणजे दीड सेकंदापर्यंत चूक घुसवता येते. तो ०.२ करा, चूक ०.१ च्या आत राहील. पतसंस्थेला पुष्कळ झालं.

आणि लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. घड्याळ २०१० दाखवत उठलं तर सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून एनटीएसच सुरू होणार नाही. त्यावर सर्टिफिकेटची तारीख न तपासण्याची 'नोसर्टटाइमचेक' नावाची पळवाट आहे, ती तुमच्यासारख्या ठिकाणी नको.

डीव्हीआर आणि हजेरी मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात). त्यांना शाखेच्या सर्व्हरचीच वेळ, फायरवॉलवर त्यांचं बाहेरचं १२३ (एनटीपीचं पोर्ट) बंद.

धागाकर्ता: दोघांचे आभार. सर्ट-इनला त्याच दिवशी कळवलं होतं. मॅक सापडला: कॅमेऱ्याचा डीव्हीआरच निघाला. रिमोटने बघायला म्हणून बसवणाऱ्याने तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता, पासवर्ड कंपनीचाच. काढून ठेवलाय, तपासणीला देतोय.

मुख्य कचेरीत एनटीएस लागलं. 'क्रोनीसी ऑथडेटा'मध्ये तिन्ही सोर्ससमोर एनटीएस आणि कुकी ८ दिसतायत. अडलंय ते दोन शाखांत. तिथे इंटरनेट देणाऱ्याच्या राउटरमधून ४४६० बाहेरच जात नाही, आणि सेटिंग आमच्या हातात नाही. मुख्य कचेरीच्या सर्व्हरवर 'एनटीएसपोर्ट' ४४३ ठेवून शाखांना तोच दिला तर चालेल का? कुणी करून पाहिलंय?