लॅपटॉप, फोन आणि डिझेल गाडी तिन्ही जुनं झालंय, आधी काय बदलू? भुसावळात ईव्ही परवडते का?

भुसावळकर_७७

राम राम मंडळी, जरा सल्ला पाहिजे. लॅपटॉप २०१६ चा आहे, सहाव्या जनरेशनचा आय थ्री, रॅम चार जीबी, चालू करून चहा पिऊन आलो तरी गोल गोल फिरतंच असतं, त्यात विंडोज टेनचा सपोर्ट संपला म्हणून सारखी पाटी येते आणि अकरा टाकायला गेलं की तुमच्या मशीनवर चालणार नाही म्हणतं. फोन अँड्रॉइड नऊवर अडकलाय, बँकेचं ॲप कधी उघडतं कधी नाही. आणि गाडी २०१२ ची डिझेल, पंधरा वर्षं भरत आलीत म्हणजे आता पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स, टायर, क्लच सगळं एकदमच निघणार.

रोजचं भुसावळ-जळगाव अपडाऊन, गावातलं धरून साठेक किलोमीटर, आणि अधूनमधून नाशिकला पोरीकडे. पोरगी म्हणते इलेक्ट्रिकच घ्या. मला भीती आपल्या उन्हाची, मे महिन्यात इथं माणूस शिजतो तिथं बॅटरीचं काय होईल? घरची म्हणते आधी फ्रीज बदला, ते वेगळंच.

वायरमन_भाऊ

दादा, गाडी नंतर बघा, आधी घरचं अर्थिंग बघा. ईव्हीचा चार्जर लई खडूस असतो, अर्थिंग नीट नसलं की लाल दिवा लावून बसतो, चार्जच करत नाही, मग लोक शोरूमला शिव्या देतात. आपल्याकडं काळी माती, उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक होतो. परवाच एका साहेबांकडं गेलो होतो, मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमधे वीसच्या वर व्होल्ट दाखवत होता. खड्डा उकरला तर वायर पट्टीपासून तुटून नुसती मातीत पडलेली, वरून बघितलं तर सगळं ठीकठाक. नवीन पट्टी टाकली, दोन बादल्या पाणी ओतलं, हिरवा लागला.

दुसरं म्हणजे लाइट बिल काढा आणि मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी, किती लिहिलाय बघा. जुन्या मीटरवर बऱ्याचदा एकच किलोवॅट असतो. पंधरा ॲम्पिअरच्या सॉकेटवर गाडी तीनेक किलोवॅट ओढते, तेही रात्रभर, वर तुमचा एसी. भार वाढवून घ्या, मेन बोर्डापासून चार एमएमची वेगळी वायर टाका, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा) लावा. आणि एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावायची नाही म्हणजे नाही, पिन वितळलेल्या किती दाखवू.

धुळ्याचा_पांडू

मी टियागो ईव्ही चालवतो, २४ किलोवॅट अवरची, त्यामुळं ऐकीव नाही सांगत. कंपनीचा रेंजचा आकडा विसरा, एसी लावून हायवेला १८० धरा, गावात थोडं जास्त. तुमचं साठ किलोमीटरचं काम तर डोळे मिटून होतं. युनिटला आठ किलोमीटर धरले तर रोजचे सात-आठ युनिट, महिन्याला दोनशेच्या आसपास. आता गंमत अशी की हे दोनशे तुमच्या घरच्या वापरावर चढतात, त्यामुळं बिल वरच्या स्लॅबमधे जातं, शोरूमवाला हे सांगत नाही, तो खालच्या स्लॅबचा दर धरून हिशोब दाखवतो. तरी युनिटला बारा-तेरा रुपये धरा, अडीच हजार झाले, डिझेलला तुम्ही सात हजाराच्या खाली नसाल. गच्ची मोकळी असेल तर सोलर करूनच टाका भो, केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, दिवसा बनलेली वीज नेट मीटरमधे जमा होते आणि गाडी रात्री लावली तरी चालतं.

उन्हाचं म्हणाल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाली गाडी बघा, उन्हात ती जास्त तग धरते, फक्त अधूनमधून शंभर टक्के भरायची म्हणजे टक्के बरोबर दाखवते. दुपारी तापून आल्या आल्या लावू नका, रात्री लावा. आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात, पण त्यात बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार ते कागदावर वाचून घ्या.

नाशिकचं मात्र लहान बॅटरीवर एका दमात होणार नाही, धुळ्यात थांबावंच लागेल. आणि तिथं फोनचा प्रश्न येतो. चार्जर सुरू करायला ॲप लागतं, वॉलेटमधे पैसे लागतात, प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं. आग्रा रोडवर रात्री दहाला एका चार्जरपुढं उभा होतो, ॲप म्हणतंय मशीन रिकामं, मशीन म्हणतंय ऑफलाइन, हॉटेलवाला म्हणतोय सकाळपासून असंच आहे. तीन ॲप होती म्हणून पुढचं शोधता आलं. अँड्रॉइड नऊवर यातलं काय चालेल सांगता येत नाही, म्हणून फोन पहिला.

शहादेकर

सगळे ईव्ही ईव्ही करताय पण वीज भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राच्या कोळशाचीच ना? असो. आम्हाला अक्कलकुवा-धडगावकडं जावं लागतं, तिकडं चार्जर सोडा, लाइट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, मी तर सीएनजीच घेतली. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झालाय, ईव्हीला ५ आहेच, पण किमतीतलं अंतर कमी झालं की. आणि एक विचारा शोरूममधे, गाडीतलं सिम अन् त्यावर इंटरनेटनं चालणारी कनेक्टेड फीचर किती वर्षं फुकट, नंतर किती. नाहीतर आता फोन जुना झाला म्हणून रडताय, पुढं गाडीचा स्क्रीन जुना झाला म्हणून रडाल.

कॉम्प्युटर_दादा

लॅपटॉप फेकू नका हो. अकरा त्याच्यावर बसणार नाही हे खरं, इंटेलची आठवी जनरेशन तरी लागते. पण आतली हार्ड डिस्क काढून सटा एसएसडी (तिच्याच जागी बसणारी, खूप वेगवान डिस्क) टाका आणि रॅम आठ करा, नव्या लॅपटॉपपेक्षा बऱ्याच कमी पैशात काम होतं, आधी काबर नाही केलं असं वाटेल. टेनला ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात, नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका, मेल, यूट्यूब, पत्र टाइप करणं एवढं आरामात होतं. फक्त टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय का बघा, तसं असेल तर खाली बॅटरी फुगलीय, ती आधी काढा.

भुसावळकर_७७

टचपॅड बघितला, सपाट आहे. बिलावर मंजूर भार १ किलोवॅटच निघाला राव. फोन आणि एसएसडी या महिन्यात करतो, गाडीचं दिवाळीपर्यंत बघू, अर्थिंगला माणूस बोलावलाय. भार वाढवायला ऑफिसात खेटे घालावे लागतात का?

वायरमन_भाऊ

नाही, महावितरणच्या साइटवरून अर्ज होतो. पण मीटरपासून बोर्डापर्यंतची वायर किती एमएमची आहे ते त्या माणसाला आधी बघायला सांगा, जुन्या घरात तिथं अडीचचीच सापडते.