एसओएफसीचा टिकाऊपणा तासांत मोजायचा की बंद-चालूच्या फेऱ्यांत?

धागाकर्ता:
सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल (एसओएफसी), म्हणजे इंधनवायूपासून थेट वीज करणारा, खूप गरम चालणारा सिरॅमिकचा सेल, किती टिकतो असं विचारलं, की यूलिशचा दाखला हमखास पुढे येतो. जर्मनीतल्या या संशोधन केंद्रात दोन सेलांचा एक स्टॅक (एकावर एक रचलेले सेल) ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१९ उजाडल्यावर थांबवला. एक लाखाहून जास्त तास, ७०० अंश सेल्सियसच्या आसपास. कामगिरी थोरच आहे. पण बाजारात येणाऱ्या यंत्राचा टिकाऊपणा या आकड्यावरून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. सिरॅमिक तडकतं ते तापमान वर-खाली होताना.

साधा हिशोब करू. इलेक्ट्रोलाइट म्हणजे सेलच्या मधला, इंधन आणि हवा वेगळी ठेवणारा थर; त्याचं सिरॅमिक, झिर्कोनिया, दर अंशाला मीटरमागे साधारण १०.५ मायक्रोमीटर वाढतं. त्याचा लवचिकता गुणांक (ताठरपणाचं माप) सुमारे २०० गिगापास्कल. थर पूर्ण जखडलेला असेल आणि तापमानात १०० अंशांचा फरक पडला, तर ताण २१० मेगापास्कल. या पदार्थाची ताकदही जवळपास तेवढीच! त्यात एकाच भट्टीतून निघालेले सेल सारखे मजबूत नसतात. ज्यात मोठा दोष राहिला, तो आधी जातो. स्टॅकमध्ये सेल एकसर जोडलेले असतात, म्हणजे एकाने जीव टाकला की सगळे अडले.

म्हणून उत्पादकांनी तासांच्या शेजारी फेऱ्याही छापाव्यात: यंत्र पूर्ण थंड करून किती वेळा तापवलं, किती वेगाने, आणि बंद करताना आत कोणता वायू होता.

भट्टीपाशी:
मागणी रास्त आहे, हिशोब पटला नाही. आजचे बरेच सेल अ‍ॅनोडच्या, म्हणजे इंधनाच्या बाजूच्या थराच्या, आधारावर उभे असतात: अर्धा मिलिमीटर जाडीचा निकेल-झिर्कोनियाचा अ‍ॅनोड आणि त्यावर जेमतेम १० मायक्रॉनचा इलेक्ट्रोलाइट. दोन्ही १४०० अंशांच्या आसपास एकत्र भाजले जातात. निवताना अ‍ॅनोड जास्त आकसतो आणि वरच्या पातळ थराला दाबून धरतो. थंड सेलमध्ये हा दाब काहीशे मेगापास्कल भरतो. सिरॅमिकला दाब सोसतो, ओढ सोसत नाही. तुमचे २१० मेगापास्कल आधी ही दाबाची शिल्लक खातील, तडा नंतरची गोष्ट.

खरा घात निकेल करतं. हायड्रोजन तुटला, सीलमधून हवा आत शिरली, की गरम निकेलचं ऑक्साइड होतं आणि त्या घन कणांचं आकारमान सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. अ‍ॅनोड कडेकडून फुगायला लागतो, वरच्या थराचा दाब जाऊन तिथे ओढ येते, बारीक भेगा पडतात. भेगांतून हायड्रोजन आणि हवा भेटतात, तिथेच जळतात, जागा आणखी तापते, भेग वाढते. सुरुवात तापमानाने नव्हे, हवेने केली.

गॅसजोडणी:
दोघेही थंड होण्यावर अडलात. जपानमधला एने-फार्म टाइप एस पाहा, घरात वीज करणारं एसओएफसी यंत्र. २०१२ मध्ये बाजारात आला, ७०० वॉट, रात्रंदिवस चालण्यासाठीच बनवलेला. जे यंत्र बंदच करायचं नाही, त्याच्या फेऱ्या कशाला मोजायच्या? तिथे झीज तासांचीच: निकेलचे कण हळूहळू मोठे होतात, पोलादातून निघणारं क्रोमियम कॅथोडवर, म्हणजे हवेच्या बाजूच्या थरावर, बसतं. ग्राहकाला दरवर्षी घटणारी वीज दिसते, ती यामुळे.

धागाकर्ता:
तोच टाइप एस बंद होतो! जपानी गॅसमीटर महिनाभर अखंड वाहणाऱ्या गॅसला गळती समजतो, म्हणून यंत्र साधारण २६-२७ दिवसांनी दिवसभर थांबतं. वर्षाला तेरा-चौदा वेळा, दहा वर्षांत सव्वाशेच्या वर. आणि हे नियोजित थांबणं आहे, अचानक गॅस तुटणं वेगळंच. न थांबणारं घरगुती यंत्र मला तरी माहीत नाही.

लोखंडकाम:
मग सिरॅमिकचा आधारच काढून टाका. ब्रिटनच्या सेरीस पॉवरने छिद्रं पाडलेल्या पोलादी पत्र्यावर सिरियाचे (सिरियम ऑक्साइड या सिरॅमिकचे) पातळ थर बसवले आहेत. पत्रा आणि सिरिया जवळपास सारखेच प्रसरण पावतात, तापमान ५०० ते ६३० अंश. आपल्याकडे सोसायट्यांत आणि कारखान्यांत अशा सेलला डिझेल जनरेटरची जागा घ्यायची असेल, तर वीज गेली की चालू, आली की बंद, हे सोसावंच लागेल. तिथे लाख तासांचा आकडा कुणालाच नको असतो.

भट्टीपाशी:
पत्रा तडकणार नाही, मान्य. पण पोलाद गंजतं, वाढणारा ऑक्साइडचा थर विजेला अडवतो आणि सुटायला लागतो. निकेलही तिथे आहेच. बंद करताना आत हवा शिरू नये, ही गरज पोलादी आधाराने संपत नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी नायट्रोजन-हायड्रोजनचं सिलिंडर शेजारी उभं असतं. सोसायटीच्या तळघरात ते कोण ठेवणार, कोण बदलणार?

धागाकर्ता:
म्हणूनच मी तिसरा रकाना मागतोय: बंद करताना आत कोणता वायू होता. तो रकाना रिकामा असेल, तर फेऱ्यांचा आकडाही मी ग्राह्य धरणार नाही.