जुनी नोंद कोहात नेताना 'कविता'ची 'किवता' झाली

खाडीकाठची ग्रंथपाल:
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं आमचं वाचनालय. अकरा हजारांवर पुस्तकं आणि माणसं दीड: मी पूर्णवेळ, शिपाई दुपारनंतर. वीसेक वर्षांपूर्वी एकाने सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. तो आता फोन उचलत नाही, आणि संगणकाने गेल्या पावसाळ्यात दोनदा मान टाकली. म्हणून कोहा या फुकट मिळणाऱ्या ग्रंथालय सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. समितीत लगेच प्रश्न आला, "फुकट आहे ना, मग कुठेतरी खोट असणारच!" मी सांगितलं, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की बंद पडणार होतं, म्हणून त्यांनी हे करून घेतलं आणि सगळ्यांना मोकळं केलं. आपलंही तेच दुखणं आहे. मग गप्प बसले.

आता खरी रड. जुन्या सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर-फाइल) निघाली, पण मराठी जुन्या फॉन्टमधलं. आमच्या चिटणीसांच्या भाच्याने कुठल्याशा संकेतस्थळावर टाकून युनिकोड करून दिलं. 'कविता' विभाग झाला 'किवता'. 'वर्ष' झालं 'वषर्'. 'चरित्र'चं झालं 'चिरत्र', ते तर नजरेला चटकन खटकतही नाही. शोधात 'चरित्र' टाकलं की शून्य पुस्तकं, आणि समोर कपाट भरलेलं.

दोन प्रश्न. एक, हाताने दुरुस्त करायला बसू का? दोन, मार्क, म्हणजे पुस्तकाची नोंद करायचा तो ठरलेला साचा, त्या भानगडीत पडायलाच हवं का? समितीतले एक काका म्हणतात, नाव-लेखक-किंमत एवढं एक्सेलात पुरे.

कणकवलीचा कॉलेजवाला:
ताई, हाताने मुळीच नको. अकरा हजार नोंदी संपेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल.

जुना फॉन्ट अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडात क्रम उच्चाराचा. चिटणीसांच्या भाच्याच्या यंत्राने चिन्हं बदलली, क्रम तसाच ठेवला. बिघडलेली फाइल दुरुस्त करत बसू नका, मूळ सीएसव्ही परत घ्या. आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा, कारण दोन फॉन्टांत एकाच कळीवर वेगळी अक्षरं असतात. मग त्याच फॉन्टसाठी केलेला कन्व्हर्टर लावा. पहिल्या दोनशे नोंदी छापून दाखल नोंदवहीशी (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकाने लिहिलेली वही) ताडून बघा. मगच पुढे.

मार्कबद्दल: एक्सेलात 'लेखक' हा तुमचा रकाना, माझ्याकडे तो 'ग्रंथकार' असेल. मार्क २१ मध्ये रकान्यांना क्रमांक असतात: मुख्य लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, आयएसबीएन ०२० मध्ये, जगात कुठेही गेलात तरी. म्हणूनच उद्या तुमची सूची माझ्या कॉलेजातून झेड ३९.५० ने (एका ग्रंथालयाने दुसऱ्याची सूची शोधायची ठरलेली पद्धत) शोधता येईल. तुमच्या प्रतीची माहिती कोहात ९५२ मध्ये जाते: 'पी' म्हणजे बारकोड, 'ओ' म्हणजे बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक), 'वाय' म्हणजे साहित्यप्रकार. 'वाय' रिकामा सोडलात तर देवघेव अडते. मी पहिल्या खेपेला तोच सोडला होता.

मार्कएडिट या मार्क फाइली बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल बनवाल तेव्हा लीडर, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीची ओळ, बघा. शून्यापासून मोजत नवव्या जागी 'ए' हवा, म्हणजे मजकूर युनिकोड आहे हे पुढच्या यंत्राला कळतं. जागा रिकामी असेल तर ते मजकूर जुन्या संकेतातला समजतं आणि मराठीची भेळ होते.

देवगडकर, सध्या पुण्यात:
वरच्या सरांनी मुख्य ते सांगितलं. मी फक्त 'किनाऱ्यावर' या शब्दाबद्दल सांगतो. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. वाचक एक टंकतो, तुमच्या सूचीत दुसरा, आणि पुस्तक 'नाही'. आत्ताच शोधा-बदला करून सगळे एका साच्यात आणा. आणि कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरणार असाल तर त्यातली आयसीयू ही युनिकोड शब्द ओळखणारी सोय चालू करून घ्या, त्याशिवाय देवनागरी शब्दांचा शोध धड चालत नाही.

खाडीकाठची ग्रंथपाल:
फॉन्टचं नाव जुन्या संगणकात सापडलं. नव्या कन्व्हर्टरने 'कविता' परत आली! पण आता वेगळंच. नवी लेबलं छापली, स्कॅनर मारला, कोहा म्हणतं असा बारकोडच नाही. बारकोड म्हणून घातलेला दाखलांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) पडद्यावर समोर दिसतोय.

कणकवलीचा कॉलेजवाला:
देवनागरी आकडे दिसतायत ना? कन्व्हर्टरने दाखलांकाचेही आकडे मराठी केले असणार. लेबलावरच्या रेघांत इंग्रजी आकडेच असतात, स्कॅनर तेच पाठवतो. त्या रकान्यातले आकडे इंग्रजी करून घ्या. किमतीचे आणि मार्कच्या ००८ या रकान्यातल्या वर्षाचेही.

निवृत्त, मु. पो. गुहागर:
बाय माझे, वर्षाचा विषय निघालाच आहे म्हणून. जुन्या मराठी पुस्तकांवर नुसतं शके असतं. आमच्याकडे एका पोराने शके १८४५ तसंच वर्षाच्या रकान्यात टाकलं, आणि १९२३ सालचं पुस्तक एकोणिसाव्या शतकात जाऊन बसलं. ७८ मिळवून इसवी सन घालावं, आणि पुस्तकावर जे छापलंय ते २६४ या प्रकाशनाच्या रकान्यात जसंच्या तसं लिहावं. जानेवारी ते मार्चमधल्या छपाईला ७९ येतात, महिना असला तर बघ.

आणि दाखल नोंदवही रद्दीत घालू नकोस. अनुदानाच्या तपासणीला ती लागते, आणि तुमच्या त्या 'चिरत्रा'चा खरा साक्षीदार तीच.

खाडीकाठची ग्रंथपाल:
आकडे बदलले. पहिलं पुस्तक बीप वाजून घरी गेलं. शिपायाने स्वतः स्कॅनर मारला, आता सोडत नाही. शकेवाली ६३ निघाली, ती मात्र हाताने करतेय, रोज चहानंतर पाच. लेबलं दमटपणाने सुटतायत, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली तर स्कॅनरला वाचता येतं का कुणी सांगेल?